मिलिमीटरचा हिशेब

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड हळूहळू उघडून पाहा. बोटाखाली जे सरकते, तो खालच्या जबड्याचा सांधा. हाडाचा गोलसर शेंडा, कवटीतील खोबण आणि दोहोंमध्ये एक तंतुमय चकती, अशी त्याची रचना. जेवताना, बोलताना, जांभई देताना तो राबतो. आपल्याला त्याची आठवण होते ती दुखला तरच.

दातांना तारा लावायला गेलेल्या मुलांच्या पालकांना मात्र हा सांधा काही ठिकाणी दुखण्याआधीच भेटतो. नातीच्या निमित्ताने मलाही भेटला. वरच्या-खालच्या दातांचे प्लास्टरचे साचे करायचे, जबडा सैल सोडून मेणावर चावा घ्यायचा आणि ते साचे जबड्याची नक्कल करणाऱ्या आर्टिक्युलेटर नावाच्या यंत्रावर चढवायचे. सांधा खोबणीत ‘नीट’ असताना त्याची जागा कोणती आणि दात घट्ट मिटल्यावर तो कुठे सरकतो, यांतले अंतर मग मिलिमीटरमध्ये वाचायचे. अमेरिकेतील डॉ. रोनाल्ड रॉथ यांनी १९७० च्या दशकापासून या विचाराचा हिरिरीने पुरस्कार केला.

मी आयुष्यभर बँकेत हिशेब जुळवले. पैशाचा फरक सापडेपर्यंत घरी जायचे नाही, ही आमची शिस्त. मोजणाऱ्या माणसाविषयी मला आदरच आहे. पण खतावणीतला फरक ही चूक असते. शरीरातला फरक चूक असेलच असे नाही. कसलीही तक्रार नसलेल्या बहुतेक माणसांतही हे अंतर थोडेफार, साधारण एक मिलिमीटरच्या आसपास, असतेच. शिवाय ‘नीट’ जागा कोणती, याबद्दल दंतवैद्यकाचेच मत बदलत आले. पूर्वी ती खोबणीत सर्वांत मागे मानली जाई. १९८७ च्या परिभाषाकोशात ती वर आणि पुढे गेली. मोजपट्टीचा शून्यच असा हलत असेल, तर पुढच्या आकड्यावर किती विसंबायचे?

या मोजमापामागे भीतीही आहे. तारांच्या उपचारांनी सांधा बिघडला, या दाव्यावर १९८७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात ज्यूरीने साडेआठ लाख डॉलरची भरपाई दिली. व्यवसाय हादरला आणि संशोधनाला जोर आला. त्यातून निघालेला सर्वसाधारण निष्कर्ष असा, की तारांमुळे सांध्याचा विकार होत नाही आणि तारांनी तो बराही होत नाही. अमेरिकेतील दंतसंशोधकांच्या संघटनेनेही २०१० मध्ये सांगितले, की निदानाचा मुख्य आधार म्हणजे रुग्णाची हकीकत आणि हाताने केलेली तपासणी.

म्हणून माझे मत असे, की हे मोजमाप सरसकट प्रत्येक मुलावर करू नये. मिटताना जबडा ठळकपणे एका बाजूला सरकत असेल किंवा जबड्याची शस्त्रक्रिया ठरत असेल, तर जरूर करावे. एरवी पालकांनी डॉक्टरांना नम्रपणे एकच प्रश्न विचारावा: “आकडा वेगळा आला, तर उपचारात नेमके काय बदलेल?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. उत्तर नेमके मिळाले, तर खर्च करावा. “पुढे त्रास होऊ नये म्हणून” एवढेच मिळाले, तर थांबावे.

आणि मुलांना मात्र विचारत राहावे: चावताना दुखते का? तोंड पूर्ण उघडते का? जबडा अडकतो का? त्यांची उत्तरे कोणत्याही आलेखाआधी ऐकली पाहिजेत.