शांतारामबापूंचा सिनेमा आणि आपली मुळशीची जमीन

मंडळी, आज राजकारण नाही, रस्त्याचे खड्डे नाहीत. आज सिनेमावर लिहितोय. पण विषय शेवटी जमिनीपाशीच येणार, कारण मुळशीत कुठलाही विषय फिरून तिथंच येतो.

व्ही. शांताराम यांच्यावर त्यांच्या कन्या मधुरा जसराज यांनी 'पोर्ट्रेट ऑफ अ पायोनियर' हा माहितीपट केला. मुलीनं वडिलांचं चित्र काढलं की त्यात माया येणारच, त्यात वावगं काही नाही. पण एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाचं चित्र एकदाच काढून भागत नाही. सत्यजित राय यांच्यावर श्याम बेनेगलांनी माहितीपट केला, तेव्हा समोर बसून प्रश्न विचारणारा माणूस स्वतः दिग्दर्शक होता. झेक दिग्दर्शक यिरी मेंझेल यांच्यावर आपल्या शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी केलेला माहितीपट तर सात तासांहून मोठा आहे! आणि आपल्याकडं? बापूंचा विषय निघाला की 'झनक झनक पायल बाजे', 'नवरंग', नाच, रंग, फाळके पुरस्कार... झालं, संपलं.

माझं म्हणणं असं, की बापूंची कारकीर्द जमिनीच्या बाजूनं बघा. वेगळाच माणूस दिसतो.

१९२५ साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 'सावकारी पाश' काढला. सावकारापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी त्यात कुणी केला? तरुण शांतारामांनी. आणि त्याच्या आधीची तीन-चार वर्षं आपल्याकडं काय चाललं होतं ते आठवा. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह. सेनापती बापट तुरुंगात, बायाबापड्या पोलिसांसमोर उभ्या. धरण झालंच. आज इथलं पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला जातं आणि त्यावर वीज तयार होते.

पुढं १९४१ चा 'शेजारी'. प्रभात कंपनी तोवर पुण्यात येऊन आठ वर्षं झाली होती. गावात दोन जुने मित्र, जिवबा पाटील आणि मिर्झा. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. गावात धरण बांधायला एक भांडवलदार येतो. त्याला जमीन हवी असते. हे दोघे एक आहेत तोवर ती मिळणार नाही हे तो ओळखतो आणि आधी त्यांच्यातच फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं आणि दोघे मित्र एकमेकांचा हात धरून जातात. हा सिनेमा मुळशीवर काढला असं मी म्हणत नाही. तो मुख्यतः हिंदू-मुसलमान एकीचा सिनेमा म्हणून ओळखला जातो आणि ते बरोबरच आहे. पण मुळशीच्या माणसानं तो बघितला तर त्याला आणखी एक गोष्ट दिसेल. जमीन घेणारा आधी सातबारा मागत नाही, आधी भावाभावात, शेजाऱ्या-शेजाऱ्यात वितुष्ट आणतो. बांधावरून न बोलणारी किती घरं आपल्या प्रत्येक गावात आहेत, मोजा.

मग १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ'. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेली गोष्ट. सहा कैदी पडीक रान पिकवतात आणि भाजी रास्त भावात विकतात. मग त्यांच्या अंगावर कोण येतं? भाजीचा व्यापारी. बर्लिनला बक्षीस मिळालं हे सगळे सांगतात, व्यापाऱ्याचं कुणी सांगत नाही.

२०१८ मध्ये प्रवीण तरडेंनी 'मुळशी पॅटर्न' काढला तेव्हा आपल्याला वाटलं, आपली गोष्ट पहिल्यांदा पडद्यावर आली. तालुक्याचं नाव पहिल्यांदा आलं असेल. गोष्ट मात्र जुनीच होती.

बापूंचंही सगळं डोक्यावर घ्यायचं कारण नाही. 'शेजारी'त धरण फुटतं आणि प्रश्न मिटल्यासारखा होतो. खऱ्या आयुष्यात धरण फुटत नाही, माणसं उठतात आणि दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातात. चांगल्या माहितीपटानं हेही विचारलं पाहिजे. नुसती आरती ओवाळायला माहितीपट कशाला हवा?

काही जण म्हणतील, पोरांना नोकऱ्या नाहीत आणि तुम्ही जुने सिनेमे काय काढता. बरोबर आहे. पण व्यवहाराला बसलेल्या पोराला आपल्या पणज्याचं काय झालं हे माहीत असेल, तर सही करताना त्याचा हात दोन मिनिटं तरी थांबेल. एवढाच हिशेब आहे.

म्हणून दोन मागण्या. एक, पौड-पिरंगुटच्या शाळा-कॉलेजांनी आणि ग्रामपंचायतींनी 'शेजारी' दाखवावा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच आहे, लॉ कॉलेज रोडला. तिथं रीतसर पत्र द्या. गणपतीत डीजेवर जो खर्च होतो त्यातली एक संध्याकाळ पुरे.

दुसरी मागणी जास्त तातडीची. १९२५ चा तो मूकपट 'सावकारी पाश' आज बघायला मिळत नाही. मूकपटांच्या जमान्यातलं बहुतेक सगळंच गेलं. २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आग लागून जुन्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा जळाला. रिळं जळतात तशी माणसंही जातात. धरणात गाव गेलेल्यांची पोरं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांनी आईबापांच्या तोंडून ऐकलेलं कुठंही नोंदलेलं नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. या दिवाळीला घरच्या म्हाताऱ्यांना समोर बसवा, गावाचं जुनं नाव, देवळाची जागा, उठून कुठं गेले, मोबदला किती मिळाला, सगळं विचारा आणि रेकॉर्ड करून ठेवा.

आपल्यावर माहितीपट काढायला बाहेरून कुणी येईल याची वाट बघू नका.