विश्लेषण : बुलेटप्रूफ जॅकेट सामान्य माणसाने विकत घ्यावे का?

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत प्रौढ व्यक्तीला बुलेटप्रूफ जॅकेट ऑनलाइन मागवता येते. दुकानातून बंदूक घेताना होते तशी पार्श्वभूमीची तपासणीही त्यासाठी सहसा होत नाही. शाळेत किंवा सुपरमार्केटमध्ये गोळीबार झाल्याची बातमी आली की ही जॅकेटे आणि ‘बुलेटप्रूफ’ दप्तरे पुन्हा चर्चेत येतात. मुले तिकडे शिकायला किंवा नोकरीला असलेल्या पुण्या-नाशिकच्या घरांतही मग ‘एखादे घेऊन ठेवायला काय हरकत आहे’ असा प्रश्न निघतो. काळजी खरी आहे. पण जॅकेट कशापासून वाचवते आणि कशापासून नाही, हे न समजता केलेली खरेदी बहुतेक वेळा कपाटातच राहते.

जॅकेट गोळी कशी अडवते?

अशा जॅकेटात केव्हलारसारख्या अतिशय मजबूत धाग्यांचे अनेक थर असतात. केव्हलारचा शोध ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ मधील संशोधनातून लागला. फुटबॉलच्या जाळीत चेंडू अडकतो, तशी पिस्तुलाची गोळी या थरांत अडकते. ती चपटी होते आणि तिची ऊर्जा मोठ्या भागावर पसरते.

रायफलच्या गोळीचे गणित वेगळे आहे. ९ मिमी पिस्तुलाची गोळी साधारण सेकंदाला ३५० ते ४०० मीटर वेगाने जाते, तर रायफलची ८०० मीटरहून अधिक वेगाने. वजन तेवढेच असताना वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. ही गोळी मऊ जॅकेट भेदून जाते. तिला अडवायला सिरॅमिक, पोलाद किंवा पॉलिथिलीनची कडक प्लेट लागते. पुढची-मागची प्लेट धरून असे चिलखत सहज सात-आठ किलोंचे होते.

‘बुलेटप्रूफ’ म्हणजे पूर्ण संरक्षण का?

नाही. अमेरिकेत पोलिसांच्या जॅकेटांचे मानक नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस म्हणजे एनआयजे ठरवते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वर्गवारीत पिस्तुलासाठी एचजी १ आणि एचजी २, तर रायफलसाठी आरएफ १, २ आणि ३ अशा श्रेणी आहेत. चाचणीत जॅकेटमागे चिकणमातीचा थर ठेवतात. गोळी आरपार गेली नाही तरी त्या मातीत खड्डा पडतो. त्याची मर्यादा साधारण ४४ मिलिमीटर आहे. म्हणजे गोळी अडली तरी बरगडी मोडू शकते.

शिवाय जॅकेट फक्त छाती, पाठ आणि पोटाचा काही भाग झाकते. डोके, मान, मांड्या उघड्याच राहतात. चाकूचे टोक धाग्यांमधून वाट काढू शकते. म्हणून चाकूहल्ल्यापासून संरक्षण देणाऱ्या जॅकेटांसाठी एनआयजेचे मानकच वेगळे आहे.

पोलिसांचे प्राण वाचतात, मग नागरिकांचे का नाही?

अशा जॅकेटांमुळे तीन हजारांहून अधिक पोलिसांचे प्राण वाचल्याचे एनआयजे सांगते. पण पोलीस ड्युटीवर निघताना जॅकेट चढवतो आणि ड्युटी संपल्यावर उतरवतो. धोक्याची वेळ आणि जॅकेट अंगावर असण्याची वेळ एकच असते. सामान्य माणूस भाजी आणायला, वर्गात किंवा सिनेमाला जाताना दोन-तीन किलोंचे जॅकेट घालत नाही. गोळीबार सुरू झाल्यावर ते काढून चढवायला वेळ नसतो.

धोक्याचे स्वरूपही पाहायला हवे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीमुळे ४८,८३० मृत्यू झाले. त्यातील २६,३२८ म्हणजे निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. तिथे कोणतेही जॅकेट कामाचे नाही. उरलेल्यांतही बऱ्याच घटना घरात, ओळखीच्या माणसांत, भांडणातून घडतात. तेव्हाही जॅकेट अंगावर नसते.

मुलांच्या ‘बुलेटप्रूफ’ दप्तरांचे काय?

पालकांची सर्वाधिक फसगत इथे होऊ शकते. अनेक दप्तरांच्या जाहिरातीत एनआयजेच्या श्रेणीचा उल्लेख असतो. प्रत्यक्षात एनआयजे दप्तरे प्रमाणित करत नाही. तिचे प्रमाणपत्र पोलिसांच्या अंगावरील जॅकेटांपुरते आहे. त्यातही बहुतेक दप्तरांतील थर पिस्तुलाच्या गोळीसाठी असतात. शाळांवरील सर्वांत भीषण हल्ल्यांपैकी अनेकांत रायफल वापरली गेली आहे. आणि वर्गात दप्तर पाठीवर नसते, बाकाजवळ असते.

दर्जाची खात्री कशी करायची?

प्रमाणित माल घेऊनही काळजी संपत नाही. झायलॉन नावाच्या धाग्याची जॅकेटे एकेकाळी हलकी आणि आधुनिक म्हणून खपली. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका पोलीस अधिकाऱ्याचे असे जॅकेट गोळीने भेदले. उष्णता आणि दमटपणाने हा धागा कमकुवत होतो, हे त्यानंतरच्या तपासात स्पष्ट झाले. २००५ मध्ये एनआयजेने झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता काढली. इतर धाग्यांनाही ऊन, ओल आणि उष्णता चालत नाही. बहुतेक उत्पादक मऊ जॅकेटाची हमी पाचच वर्षांची देतात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वर्षानुवर्षे ठेवलेल्या जॅकेटावर भरवसा ठेवता येत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात शहीद झालेले एटीएस प्रमुख हेमंत करकरे यांच्या जॅकेटाच्या दर्जावरून मोठा वाद झाला आणि ते जॅकेटच पुढे सापडले नाही. बुलेटप्रूफ जॅकेटांसाठी आयएस १७०५१ हे भारतीय मानक ब्युरोचे मानक त्यानंतर दहा वर्षांनी, २०१८ मध्ये आले. सरकारी खरेदीतही इतके प्रश्न उभे राहतात, तर संकेतस्थळावरचे छायाचित्र पाहून जॅकेट मागवणाऱ्याने किती जपायला हवे, हे उघड आहे.

कायदा काय सांगतो?

हिंसक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांनी असे चिलखत बाळगणे अमेरिकेच्या २००२ च्या संघीय कायद्याने गुन्हा ठरवले. १४ मे २०२२ रोजी बफेलो शहरातील सुपरमार्केटमध्ये हल्लेखोराने दहा जणांचा जीव घेतला. तिथल्या सुरक्षारक्षकाने झाडलेली गोळी त्याला लागली, पण चिलखताने ती अडवली आणि सुरक्षारक्षक मारला गेला. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने ठरावीक व्यवसायांतील लोक वगळता इतरांना चिलखत विकण्यास बंदी केली. कायद्याच्या पहिल्या रूपात फक्त मऊ जॅकेटांचा समावेश होता, कडक प्लेट सुटली होती. ती चूक काही आठवड्यांत दुरुस्त करण्यात आली. कनेक्टिकटमध्ये विक्री समोरासमोरच करावी लागते. त्यामुळे एका राज्यात सहज मिळणारी वस्तू शेजारच्या राज्यात अडचणीत आणू शकते.

मग कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये?

ज्याचा धोका ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी आहे, त्याने विचार जरूर करावा. रात्रपाळीत एकट्याने पेट्रोल पंपावरचे दुकान सांभाळणारा, रोख रकमेची ने-आण करणारा, सुरक्षारक्षक, दंगलीचे वार्तांकन करणारा पत्रकार हे या गटात येतात. भारतीय विद्यार्थी आणि स्थलांतरितही अशा दुकानांत काम करतात. तिथे धोका मुख्यतः पिस्तुलाचा असतो. म्हणून शर्टाखाली घालता येईल असे, एनआयजेच्या मान्यताप्राप्त यादीतील, स्वतःच्या मापाचे मऊ जॅकेट पुरेसे ठरते. मिरवायची जड प्लेट पहिल्या आठवड्यातच खुंटीला लागते. आणि हा खर्च नोकराने नव्हे, मालकाने करायला हवा.

बाकीच्यांनी ते घेऊ नये. ‘घरात असले तर बिघडते काय’ हा युक्तिवाद वरवर पटतो. पण त्याची किंमत काहीशे डॉलर आणि खोटा धीर अशी दुहेरी आहे. गोळीबारात अमेरिकी यंत्रणांचा सल्ला आधी पळा, ते जमले नाही तर लपा, प्रतिकार अगदी शेवटी करा असा आहे. जॅकेट शोधण्यात गेलेले क्षण पळण्याच्या वेळेतून वजा होतात. त्यापेक्षा इमारतीतून बाहेर पडण्याचे दोन मार्ग माहीत असणे आणि रक्तस्राव थांबवण्याचे प्रशिक्षण घेणे अधिक उपयोगी आहे. ते अपघातातही कामी येते आणि अंगावर चढवावे लागत नाही.

खरेदीपूर्वी ‘कोणते जॅकेट चांगले’ हे विचारण्याआधी ‘धोक्याच्या वेळी ते माझ्या अंगावर असेल का’ हे विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर सर्वांत महागडे जॅकेटही उपयोगाचे नाही.