एक दार, आठ पाहुणे

दिवाळीच्या खरेदीच्या यादीत अलीकडे कितीतरी घरांतून एक नवी वस्तू शिरली आहे. तिला मराठीत अजून नाव मिळालेले नाही. दुकानदार तिला 'हब' म्हणतो. तीच जरा जाड झाली, तिला स्वतःची वीज लागू लागली आणि किमतीवर एक शून्य चढले की तो तिला 'डॉक' म्हणतो. डॉक म्हणजे गोदी. दिवसभर हिंडून आलेला लॅपटॉप संध्याकाळी या गोदीला लावायचा, की मोठा पडदा, टंकफलक, उंदीर, इंटरनेटची तार, चार्जर, सगळे एका केबलीने त्याला येऊन मिळते. कल्पना तशी जुनीच. १९९२ साली अ‍ॅपल कंपनीने पॉवरबुक ड्युओ नावाचा लॅपटॉप काढला, तेव्हा त्याच्यासाठी निघालेल्या खोक्यात अख्खा लॅपटॉपच सरकवायची सोय होती. जहाज धक्क्यात शिरावे तसा!

मग आताच ही वस्तू घरोघर का निघाली? तर लॅपटॉप फार सडपातळ झाले म्हणून. पूर्वीच्या लॅपटॉपच्या दोन्ही कुशींना निरनिराळ्या आकारांची भोके असत, आणि ज्याची तार त्याच भोकात बसे. २०१४ साली सी-टाइपचे लांबट, कसेही उलटे-सुलटे बसणारे भोक निघाले आणि कंपन्यांनी बाकीची एकेक करून बुजविली. आता पुष्कळ लॅपटॉपना अशी एक किंवा दोनच दारे उरली आहेत. पाहुणे मात्र पूर्वीइतकेच, किंबहुना चार अधिकच.

आमच्या कर्जत-खालापूर भागात ही वस्तू जास्त दिसू लागली त्याचे कारण उघड आहे. कर्जत हे मुंबईहून १०० किलोमीटरवरचे स्टेशन. सकाळची लोकल धरायची म्हणजे जायला दोन तास, यायला दोन तास. २०२० च्या टाळेबंदीत लोकांना घरी बसून काम करायची सवय लागली, आणि ती पुरती सुटली नाही. आता कित्येक चाकरमाने आठवड्यातून दोन दिवस दहिवलीत नाहीतर खोपोलीत माजघराच्या कोपऱ्यात कचेरी मांडतात आणि तीन दिवस लॅपटॉप पाठीला मारून गाडी धरतात. म्हणजे रोज गोदीत येणे आणि रोज गोदीतून निघणे. अशा माणसाला हबचा मोह पडला तर नवल नाही. तो मोह रास्त किती आणि महाग किती, हे ठरविण्यासाठी मी या परिसरातल्या तीन घरांचे व्यवहार जवळून पाहिले.

पहिले घर माझ्या एका जुन्या स्नेह्यांचे. त्यांची सूनबाई ठाण्याच्या एका कंपनीत हिशेब तपासते. मूल दोन वर्षांचे. घरून काम करायची सवलत दोनच दिवसांची, आणि तीही एका अटीवर: बैठकीत मध्येच आवाज तुटता कामा नये, काम अर्धवट राहता कामा नये. तसे वारंवार झाले तर पाचही दिवस कचेरीत यावे. पाचही दिवस म्हणजे रोज चार तास गाडीत, आणि मग नोकरी सोडण्यावाचून गत्यंतर नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते. सासरेबुवांनी जाहीर केले की, दिवाळीच्या पैशातून बावीस हजारांचा डॉक आणायचा. चिरंजीवांचे म्हणणे, बाराशे रुपयांचा हब तेच काम करतो. सूनबाई मला म्हणाली, "काका, दोघांचेही ऐकून झाले. आता तुम्ही सांगा, दोन्हींत फरक काय?"

फरक समजून घ्यायला आमच्या तालुक्यासारखी जागा नाही. नेरळला मोठी गाडी थांबते, आणि तिथून १९०७ सालापासून माथेरानची दोन फुटी रुळांची गाडी सुटते. नेरळच्या फलाटाला तुम्ही आणखी दहा दरवाजे केलेत तरी माथेरानला माणसे तेवढीच पोहोचणार, कारण वर रूळच अरुंद आहे. साधा हब हा असा नेरळचा फलाट आहे. त्याला आठ भोके असतील, पण लॅपटॉपच्या ज्या एका भोकातून तो जोडला आहे त्याची वाट जेवढी रुंद, तेवढेच आठांत वाटले जाते. स्वतःचे असे तो काही घालत नाही.

आता कर्जत स्टेशन पाहा. पुण्याकडे जाणाऱ्या लांबच्या गाड्या इथे थांबतात त्या केवळ वडे खाण्यासाठी नव्हेत. भोर घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा उभा आहे, म्हणून गाडीच्या शेपटीला इथे आणखी इंजिने लागतात आणि ती मागून रेटा देतात. महागडा डॉक हा या मागच्या इंजिनांसारखा. त्याची वीज स्वतंत्र, ताकद स्वतःची. पण पुढचे इंजिन नि रूळ त्याला साजेसे असले तरच तिचा उपयोग.

मेख इथेच आहे, कारण सी-टाइपची सगळी भोके बाहेरून सारखी दिसतात आणि आतून सारखी नसतात. एखादे नुसते चार्ज करते आणि माहिती ने-आण करते; पडद्याला चित्र पाठविणे त्याला येतच नाही. एखादे सेकंदाला ५ किंवा १० गिगाबिटांनी चालते, तर थंडरबोल्ट नावाचे ४० गिगाबिटांनी. भोकाशेजारी विजेच्या बाणाची बारीक खूण असली तर ते बहुधा थंडरबोल्ट. पण ही खूण सगळेच करीत नाहीत, म्हणून लॅपटॉपचे माहितीपत्रक वाचणेच बरे. खालापूरकडे एका मुंबईकर कुटुंबाने शेतघर बांधले आहे. शनिवार-रविवार तिथून काम करता यावे म्हणून त्यांनी पंचवीस हजारांचा थंडरबोल्ट डॉक आणला. लॅपटॉपच्या भोकातून चित्र बाहेर पडत नाही, हे वेष्टन फोडल्यावर कळले. दुकानदार परत घेईना. आता त्या डॉकला फक्त उंदीर लावलेला असतो. एवढा महाग उंदीर जिल्ह्यात दुसरा नसावा.

पडद्याविषयी दोन शब्द जास्त सांगतो, कारण बहुतेकांची निराशा तिथेच होते. हबच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत '४के' लिहिलेले असते, आणि पुढे बारीक अक्षरांत ३० किंवा ६० हा आकडा. हा आकडा म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो. सी-टाइपच्या केबलीत वेगवान वाहतुकीला चार पदर असतात. वेगवान पेनड्राइव्हचीही सोय ठेवायची तर हब त्यांतले दोन चित्राला देतो आणि दोन माहितीला. स्वस्त हबमध्ये मग मोठ्या ४के पडद्यासाठी ३० च उरतात, आणि बाण हलविला की तो चिखलातून चालल्यासारखा येतो. दिवसभर त्याकडे पाहून डोके दुखते. मात्र घरोघर असतो तसा साधा चोवीस इंची फुल एचडी पडदा असेल, तर हाच स्वस्त हब ६० चा आकडा निर्वेध देतो. तिथे जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

दोन पडदे हवे असणाऱ्यांची कथा निराळी. दोन पडद्यांची भोके असलेले बरेचसे हब विंडोजच्या लॅपटॉपवर दोन वेगळी चित्रे दाखवितात, पण मॅकवर दोन्हीकडे एकच चित्र! शिवाय २०२० आणि २०२२ साली निघालेल्या एम-१ व एम-२ मॅकबुक एअरला बाहेरचा एकच पडदा चालतो. डॉक कितीही भारी असो. २०२४ च्या एम-३ ला दोन चालतात, पण लॅपटॉपचे झाकण मिटून. यावर तोड म्हणून डिस्प्लेलिंक नावाच्या तंत्राचे डॉक मिळतात. त्यांना लॅपटॉपवर वेगळा प्रोग्राम घालावा लागतो, आणि कंपनीचा लॅपटॉप असला तर कंपनी तो घालू देईलच असे नाही. आधी कचेरीतल्या संगणकखात्याला विचारावे, मग पाकीट काढावे.

आता स्नेह्यांच्या घराकडे वळतो. सूनबाईच्या लॅपटॉपला सी-टाइपची दोन दारे, पडदा एकच नि साधा. बावीस हजारांच्या इंजिनाला चढायला इथे घाटच नव्हता. बाराशेचा हबही मी नको म्हटले, कारण त्यात तारेचे इंटरनेट फक्त १०० मेगाबिटांचे होते आणि केबल दोऱ्यासारखी. साडेतीन हजारांचा, गिगाबिटाचे भोक असलेला हब घेतला. वायफायपेक्षा तार बरी, विशेषतः मातीच्या नि दगडी भिंतींच्या जुन्या घरांत. बैठकीतला आवाज तुटणे त्या तारेनेच निम्मे थांबले.

उरलेले निम्मे विजेचे होते. या तालुक्यांचे दैव असे की, खोपोलीला १९१५ साली आणि भिवपुरीला १९२२ साली टाटांनी पाण्यावर वीज करून मुंबईला पाठविली. आणि पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की काळोख मात्र आमच्याकडे. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटर इन्व्हर्टरवर होता, म्हणजे काम थांबायचे कारण नव्हते. तरी वीज गेली की इंटरनेट, पडदा, सगळे क्षणभर तुटे. कारण चार्जर हबमधून लावला होता. हबला येणारी वीज अचानक थांबली की तो लॅपटॉपकडून वीज घेऊ लागतो, आणि या अदलाबदलीत पुष्कळ हब क्षणभर डोळे मिटतात. माणसाला तो क्षण जाणवत नाही. बैठकीला आणि चालू असलेल्या नोंदीला जाणवतो. उपाय फुकटचा निघाला. चार्जर थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या दारात लावला. आता वीज जाते तेव्हा हबला पत्ताही लागत नाही. यात दुसराही लाभ आहे: हबमधून चार्ज केले की काही हब १० ते १५ वॅट स्वतःकडे ठेवतात, म्हणजे ६५ वॅटच्या चार्जरचे लॅपटॉपला पन्नासच पोहोचतात. ज्यांच्या लॅपटॉपला एकच दार आहे त्यांना ही सोय नाही. त्यांनी पडदा नि राउटरबरोबर चार्जरचा सॉकेटही इन्व्हर्टरवर घ्यावा.

तिसरे घर खोपोलीचे. तिथे एक तरुण लग्नसमारंभाची छायाचित्रे काढतो. मुहूर्ताचे छायाचित्र पुन्हा काढता येत नाही, हे लक्षात घ्या. त्याने एका साध्या हबला कॅमेऱ्याचे कार्ड, फिरत्या तबकडीच्या दोन हार्ड डिस्क आणि मोठा पडदा, अशी सगळी वरात लावली होती. हब तव्यासारखा तापे. दोन डिस्कना मिळून जेवढी वीज लागे तेवढी त्याच्याकडे नव्हती, आणि उतरवून घेणे अर्ध्यात असताना एक डिस्क नाहीशी होई. एकदा एका लग्नाची जवळजवळ निम्मी छायाचित्रे अशीच डिस्कवर बिघडलेली सापडली. कार्ड पुसले नव्हते म्हणून त्याची लाज राहिली. त्याच्या लॅपटॉपला थंडरबोल्टचे दार होते. त्याने स्वतंत्र विजेचा डॉक घेतला, तेवीस हजार मोजून. मी म्हणेन, त्याने स्वस्तात घेतला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालणारे उतरवून घेणे आता जेवणाआधी उरकते, आणि डिस्क जागेवर राहते. डॉक त्याने छोट्या यूपीएसवर ठेवला आहे, कारण मागचे इंजिनही विजेशिवाय रेटत नाही.

एक बारीक त्रास या दोन्ही घरांत दिसला. बिनतारी उंदराचा बोटभर तुकडा हबमध्ये डिस्कच्या शेजारी लावला की उंदीर अडखळतो. वेगवान यूएसबीच्या तारांतून जो गोंगाट बाहेर पडतो तो नेमका या उंदरांच्या आणि जुन्या वायफायच्या लहरींवर पडतो. इंटेल कंपनीने २०१२ सालीच यावर निबंध प्रसिद्ध केला आहे. तो तुकडा वीतभर जोडतारेने दूर नेला की उंदीर सुधारतो. नवा उंदीर घेऊ नका.

आणि ज्यांना लॅपटॉप रोज काढावा-घालावा लागत नाही, महिन्यातून एकदा दूरदर्शन संचाला जोडून नातवाच्या मुंजीची छायाचित्रे पाहायची आहेत, त्यांनी हबच्या नादी लागूच नये. सी-टाइपमधून एचडीएमआय काढणारा चार बोटांचा साधा अ‍ॅडॉप्टर हबच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो. फक्त आधी लॅपटॉपच्या त्या दारातून चित्र बाहेर येते ना, हे पाहा.

घेणारच असाल, तर दुकानात स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःचा चार्जर घेऊन जा. पडदा दुकानदाराचा चालेल. सगळे एकदम लावा, पाच मिनिटे चालू द्या, हबवर हात ठेवून पाहा. कोमट असावा, चटका बसू नये. चालू असतानाच भिंतीतला चार्जर उपटा आणि पडदा क्षणभर काळा होतो का, ते बघा. दुकानदार कुरकुर करील. सूनबाईने हे केले तेव्हा पहिले दोन हब काळे झाले आणि तिसरा झाला नाही, असे ती सांगते. पण तो तिसरा सात हजारांचा होता, म्हणून तिने दुसराच घेतला आणि चार्जर वेगळा लावला.