निवृत्तीनंतरचे विद्यार्थीपण

आमची पिढी वसतिगृहातून बाहेर पडली ती नोकरीच्या शोधात. कोणी रेल्वेच्या कार्यशाळेत लागले, कोणी आयुध निर्माणीत, कोणी वीज मंडळात. घरात नियमित पगार येणे ही तेव्हा साऱ्या कुटुंबाची निकड होती. एलिमेंटरी-इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांनीही रंगपेटी मिटून ठेवली, यात खंत मानण्यासारखे काही नाही. आता साठी ओलांडल्यावर आमच्यापैकी काहींनी पुन्हा कुंचला हाती घेतला आहे. लोक कौतुकाने म्हणतात, ‘बरे झाले, वेळ जातो.’ हे कौतुक आम्हांला मान्य नाही.

वेळ घालविण्यास दूरचित्रवाणी पुरेशी आहे. कला मनावर घ्यायची, तर चाळीस वर्षे अंगात मुरलेले काही मोडावे लागते. यंत्राच्या आराखड्यात रेषेला अर्थ असतो, स्वभाव नसतो. दिसणारी कड अखंड ठळक रेषेने, झाकलेली तुटक रेषेने दाखवायची. हा संकेत पाळला नाही तर कारखान्यात सुटा भाग चुकतो. याउलट अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची भुवई पाहावी. ती रेषा कोठे दाटते, कोठे विरते, हे कोणत्याही संकेतात बसत नाही. टी-स्क्वेअरला सरावलेल्या हाताला इतके सैल होणे फार जड जाते. मात्र साहित्याची पारख हे त्याच नोकरीचे देणे आहे. माती-भुशाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि तो वाळल्यावर रंग, ही तेथील रीत अभियंत्यालाही भुरळ घालते.

वयाचा हिशेबही आहेच. डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते, निळा रंग मंदावतो. मोतीबिंदू काढल्यावर तोच निळा असा झळकतो की आपलीच जुनी चित्रे परकी वाटावीत! पण पेन्शन असल्याने चित्र विकण्याची घाई नाही. ही सवड तरुण चित्रकाराला क्वचितच मिळते आणि आपण ती सहा महिन्यांत प्रदर्शन, शाल-श्रीफळ यांत दवडतो. त्याऐवजी मुलाच्या वयाच्या शिक्षकापुढे बसून मडके, कापडाची घडी, स्वतःचा डावा हात शंभरदा रेखाटावा. बाबासाहेबांनी उतारवयात, कामाच्या प्रचंड ओझ्याखाली, व्हायोलिनचे रीतसर धडे घेतले. त्यांना काही मैफल गाजवायची नव्हती.

आपल्या समाजाला अभियंत्यांचा अभिमान आहे, तो असावाच. परंतु एखाद्या मुलीने चित्रकार होण्याची इच्छा बोलून दाखविली की घरात अजूनही शांतता पसरते. तिने निवृत्तीपर्यंत थांबावे असे आम्हांला वाटत नाही. म्हणून विद्यालयाला विनंती, की आठवी-नववीचा चित्रकलेचा तास गणिताला देऊ नये. आमच्यातील काहीजण शनिवारी दुपारी येण्यास तयार आहेत. शिकविण्यासाठी नव्हे, मुलांच्या शेजारी बसून चित्र काढण्यासाठी. कागद-पेन्सिली आम्ही आणू.