बॉनेटवर भुलू नका, गाडीखाली वाकून पाहा!



आपल्या गावात जीप यायची ती दोनच कामांसाठी. एक वसुलीला, दुसरी मते मागायला. शिवाराच्या टोकाला धुरळा दिसला की कर्जदार माणूस घर सोडून शेताची वाट धरायचा. जीप म्हणजे साहेबाची गाडी, हे तेव्हापासून आपल्या डोक्यात पक्के बसले आहे.

आज ती गाडी आपल्याही दारात येऊ लागली आहे. कोणी जुनी घेतली, कोणी कर्ज काढून नवी. काही जण म्हणतील, कापसाच्या भावाचे बोला, ज्वारीचे बोला, गाड्यांच्या गप्पा कसल्या मारता? आम्ही गप्पा मारत नाही. दहा-पंधरा लाखांची वस्तू आणि पाच-सात वर्षांचे हप्ते, हा कोरडवाहू माणसाच्या घरात लहान सौदा नव्हे. सरकीचे बियाणे बोगस निघाले तर एक हंगाम बुडतो. गाडी चुकीची निघाली तर सात हंगाम बुडतात. बियाण्याची पिशवी आपण चार जणांना विचारून घेतो. गाडी मात्र रंग आणि जाहिरात पाहून घेतो.

आमच्या भागातल्या एका पोराने अशीच गाडी घेतली. दिसायला रानदांडगी, टायर बैलगाडीच्या चाकाएवढे. आषाढात वडिलांच्या छातीत दुखू लागले. वस्तीपासून डांबरी रस्ता दोन किलोमीटर, मधे काळ्या मातीची पाणंद. गाडी शंभर पावले गेली आणि मागच्या चाकांनी स्वतःचाच खड्डा खणला. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने म्हातारा रस्त्याला लागला. वाचला, हे नशीब. दुसऱ्या दिवशी पोराने गाडीखाली वाकून पाहिले. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नव्हता! विकणाऱ्याने लपवले नव्हते. पोराने विचारले नव्हते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. गाडीची ताकद इंजिनात नसते. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या साखळीत ती असते, आणि साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच.

अश्वशक्तीचे भूत

तुमच्या दारातला ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर चिखलातून भरलेली ट्रॉली ओढतो. शंभर अश्वशक्तीची मोटार त्याच चिखलात रिकामी रुतते. मग जोर कोणाचा जास्त? ट्रॅक्टरचा चाकावरचा जोर गिअरच्या गुणाकारातून येतो. जीपचेही तसेच आहे. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस असते. ती दोन कामे करते. जोर पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलकडे वाटते, आणि लो गिअर लावला की वेग कमी करून जोर वाढवते. तुमच्या ट्रॅक्टरचा हाय-लोचा दांडा, तोच हा.

महिंद्रांनी आपल्याकडे विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातली सीजे-३बी घ्या. पहिला गिअर सुमारे २.८, ट्रान्स्फर केसचा लो २.४६, अ‍ॅक्सलमधला क्राऊन-पिनियन ५.३८. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७. इंजिनाचा जोर चाकावर ३७ पट होऊन उतरतो. आता २०२३ साली बाजारात आलेली मारुतीची जिम्नी घ्या. मॅन्युअल गिअरच्या गाडीत हाच गुणाकार सुमारे ३६ येतो. मधे सत्तर वर्षे गेली. पडदे आले, कॅमेरे आले, गाणी आली. चिखलाचे गणित तिथेच आहे!

म्हणून विकणारा अश्वशक्ती सांगू लागला की त्याला थांबवा. लो गिअर आहे का आणि गुणाकार किती, एवढेच विचारा. तो गडबडला तर समजा, त्यालाही कोणी शिकवलेले नाही.

फोर व्हील म्हणजे चारही चाके नव्हेत

दुसरी फसगत नावातच आहे. डिफरन्शियल हे बैलजोडीच्या जुवासारखे असते. एका बैलाने अंग टाकले की दुसऱ्याचा जोर जू फिरवण्यात जातो, गाडी जागची हलत नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, म्हणजे चिखलात घसरणाऱ्या चाकाला जेवढा लागतो तेवढाच घट्ट जमिनीवरच्या चाकाला. पुढचे एक चाक आणि मागचे एक चाक घसरू लागले की तुमची फोर व्हील गाडी उभी!

ट्रॅक्टरवाल्याला हे शिकवायला नको. त्याच्या पायाशी डिफरन्शियल लॉकचे पेडल असते. ते दाबले की दोन्ही मागची चाके एकजीव होतात. हीच कसोटी आजच्या तीन गाड्यांना लावू.

फोर्स मोटर्सची गुरखा. पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलला ड्रायव्हरने स्वतः लावायचे लॉक. चिखलाच्या परीक्षेत या कलमाला पैकीच्या पैकी गुण.

महिंद्रांची २०२० नंतरची फोर व्हील थार. मागच्या अ‍ॅक्सलला आपोआप लागणारे यांत्रिक लॉक, पण ते कोणत्या प्रकारच्या थारला आहे हे पाहूनच घ्यावे. पुढे लॉक नाही. घसरणारे चाक ब्रेकने धरायची इलेक्ट्रॉनिक सोय आहे.

जिम्नी. यांत्रिक लॉक कुठेच नाही. सगळा भरवसा ब्रेकवर. ब्रेक चाकाला धरणार कधी, तर चाक घसरू लागल्यावर. मुरमात, खडकात हे चालते. आपल्या काळ्या मातीत चाक दोन वेढे घसरले की खाली खड्डा तयार. खाचा चिखलाने भरल्या की टायर भाकरीसारखा गुळगुळीत होतो. जिम्नीच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ती सुमारे १२०० किलोची. बाकी दोघी तिच्यापेक्षा पुष्कळ जड. हलकी गाडी कमी रुतते, आणि रुतली तरी चार माणसे ती ढकलतात. १९८५ च्या डिसेंबरात आलेल्या जिप्सीचे नाव झाले तेही बरेचसे हलकेपणामुळेच. तिची नवी नोंदणी २०१८ च्या अखेरीस थांबली, तरी जुन्या जिप्सीला अजून गिऱ्हाईक आहे, ते उगाच नाही.

तुटते काय, आणि मिळते काय

आता टिकाऊपणा. जुन्या जीपला, जिप्सीला आणि जिम्नीला पुढचा अ‍ॅक्सल अखंड, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. थारला आणि आजच्या गुरखाला पुढे दोन्ही चाके स्वतंत्र. डांबरी रस्त्यावर स्वतंत्र चाकांची गाडी अंग मोडत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण तिच्या पुढच्या शाफ्टचे सांधे उघड्यावर असतात आणि त्यांचे रक्षण करते ते फक्त रबराचे बूट. पऱ्हाटीची खुंटे आणि बाभळीचे काटे रबराला ओळखत नाहीत. बूट फाटला, आत चिखल गेला, ग्रीस बाहेर आले की सांधा गेला. जुन्या जीपमध्ये हाच सांधा लोखंडी गोळ्यात बंद असतो. त्याला गळतीचा रोग आहे, पण काट्याचे भय नाही.

तेव्हा तिघींत सर्वांत भक्कम कोण? नुसत्या लोखंडावर निकाल द्यायचा तर आम्ही गुरखाला देऊ. पण शेतकऱ्याची गाडी नुसत्या लोखंडावर चालत नाही. फोर्सच्या विक्री-दुरुस्तीचे जाळे विरळ आहे, महिंद्रा आणि मारुतीचे दाट. तालुक्याच्या गावात ज्याचा सुटा भाग मिळत नाही ती भक्कम गाडी आणि आडातली बादली सारखीच. दिसते, हाती लागत नाही. आमच्या माहितीतल्या एका गाडीला फोर व्हील लावण्यासाठी दांडा नव्हता, बटण होते. बटणामागची मोटर गेली आणि गाडी तीन आठवडे सुट्या भागाची वाट पाहत दारात उभी राहिली. ऐन पेरणीत! जुन्या जीपच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला तर मिस्त्री दुपारपर्यंत बदलून देतो. याला म्हणतात टिकाऊपणा. कधीच मोडत नाही ते यंत्र जगात नाही. मोडले तर गावात उभे राहते, ते आपले.

आणि थोडा दोष आपल्या पदरात घेऊ. या तिन्ही गाड्यांची फोर व्हील चिखलापुरती आहे. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून तो ताण सोडते. डांबरीवर सोडत नाही, तो ताण शाफ्ट आणि ट्रान्स्फर केस खातात. आपली पोरे लग्नाच्या वरातीत डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून मिरवतात आणि मग कंपनीला शिव्या देतात. मोठे टायर घातले की गाडी रुबाबदार दिसते, पण अ‍ॅक्सलवरचा ताण वाढतो आणि लो गिअरचा फायदा घटतो. नाल्यातून गाडी काढल्यावर अ‍ॅक्सलचे तेल पाहायचे. दुधाळ दिसले तर पाणी शिरले, तेल बदला. क्रॉसला ग्रीस द्या. बैलाला पोळ्याला न्हाऊ घालणाऱ्या माणसाला हे जड नाही.

चैन कोणाची?

आता सरकारकडे वळू. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. शेतीच्या ट्रॅक्टरवर ५ टक्के. चार मीटरच्या आतली मोटार, पेट्रोलवर १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलवर १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के. त्यावरच्या मोटारीवर ४० टक्के. आता पाहा गंमत. दीड लिटर डिझेलची, फक्त मागची चाके ओढणारी थार १८ टक्क्यांत बसते. पुढचा अ‍ॅक्सल, ट्रान्स्फर केस आणि लो गिअर असलेली थार ४० टक्क्यांत. जिम्नी ४० टक्क्यांत. गुरखा ४० टक्क्यांत. तिघींपैकी एकही खरी फोर व्हील स्वस्त खणात नाही.

सरकार म्हणेल, आम्ही इंजिन मोजले, अ‍ॅक्सल नाही. आमचे तेच तर म्हणणे आहे! ज्याने इंजिन मोजले त्याने पाणंद पाहिली नाही. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर मिरवायला घेतलेली गाडी आणि पावसाळ्यात बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला घेतलेली गाडी, दोघींवर एकच चैनीचा शिक्का! आणि नक्कल घ्याल तर सवलत. कातडे वाघाचे, आत गाढव, आणि गाढवावर कर कमी.

कोणी म्हणेल, पाणंदीच पक्क्या करा, मग फोर व्हील कशाला? शंभर टक्के कबूल. रस्ता द्या, आम्ही साधी गाडी घेऊ. पण रस्ता द्यायचा नाही आणि रस्ता नाही म्हणून लागणाऱ्या गाडीला चैन म्हणायचे, हा कोणता न्याय?

मागणे फार नाही. एक, ज्या गाडीला लो गिअरची ट्रान्स्फर केस आहे ती शेतकऱ्याने घेतली तर तिच्यावर चैनीचा कर नको. दोन, लो गिअरचा गुणाकार, लॉक कोणत्या अ‍ॅक्सलला आहे आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे कंपनीने किमतीच्या पत्रकावर मराठीत छापावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले. त्यात मोटारीही आहेत आणि शेतीची अवजारेही. त्या हक्काचा अर्थ तालुक्याच्या मिस्त्रीपर्यंत पोचला पाहिजे.

आणि तोवर आपल्या हातात काय? शोरूममध्ये गेलात की आधी बॉनेट उघडायला सांगू नका. गुडघे टेका आणि खाली पाहा. दोन शाफ्ट दिसतात का? लो गिअरचा दांडा कुठे आहे? लॉक कोणत्या अ‍ॅक्सलला? क्रॉस आपल्या तालुक्यात मिळतो का? चार प्रश्न. चारांची उत्तरे मिळेपर्यंत खिशातला हात बाहेर काढू नका. बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, जुंपून पाहतो. शिंगांना लावलेला रंग पाहून बैल घेणारा शेतकरी आम्ही अजून पाहिला नाही.