‘यवन’ म्हणजे नेमके कोण?

शिवकाळावरचे व्याख्यान असो की ऐतिहासिक कादंबरी, मुसलमानांना ‘यवन’ म्हणण्याची सवय मराठीला जडली आहे. हरकत घेतली की उत्तर ठरलेले : शब्द शुद्ध संस्कृत आहे आणि शब्दकोशात तसा अर्थ दिलेला आहे! ठीक आहे, मग कोशच उघडून पाहू.

वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा; मोनियर विल्यम्स यांच्या कोशाची सुधारित आवृत्ती १८९९ ची. दोन्ही कोश पहिला अर्थ देतात आयोनियन, म्हणजे ग्रीक. पुढे कोणीही परका किंवा रानटी. मुसलमान आणि युरोपियन हे अर्थ नंतरचे आहेत, असेही दोघे नोंदवतात. म्हणजे ज्या आधारावर मुसलमान ‘यवन’ ठरतो, त्याच आधारावर कोश रचणारा ऑक्सफर्डचा प्राध्यापकही यवनच ठरतो. त्याला मात्र आपण ‘साहेब’ म्हणतो!

कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांब यवन दात्यांनी दिले, असे तिथले प्राकृत लेख सांगतात. तेव्हा इस्लामच्या उदयाला अजून काही शतके होती. वराहमिहिराने तर यवन म्लेच्छ असले तरी ज्योतिषातील ज्ञानामुळे ते ऋषींसारखे पूज्य आहेत, असे लिहिले. ‘केंद्र सरकार’मधले ‘केंद्र’ याच ग्रीकांकडून संस्कृतात आले. यवनांचा शब्द दिल्लीच्या सत्तेला चालतो. यवन हा शब्द तेवढा शिवीसारखा वापरायचा!

मुसलमान भारताच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा संस्कृतने त्यांना काय म्हटले? ‘ताजिक’, ‘तुरुष्क’. ही धर्माची नव्हे, लोकसमूहांची नावे. आजच्या पालघर जिल्ह्यातील चिंचणीला इ. स. ९२६ चा ताम्रपट सापडला. त्यात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणाऱ्या ताजिक अधिकाऱ्याचे नाव ‘मधुमती’ असे लिहिले आहे. अभ्यासक ते ‘मुहम्मद’चे रूप मानतात. त्याच्या अमदानीत एका मठिकेला दान मिळाले, त्याचीच ही सनद. वेरावळच्या १२६४ च्या संस्कृत लेखात होर्मुझच्या नुरुद्दीन फिरोजने बांधलेल्या मशिदीची नोंद आहे. तिथे अल्लाहसाठी ‘विश्वनाथ’ हा शब्द येतो.

हीसुद्धा संस्कृतच ना? मग शोधून शोधून एकच अर्थ का उचलायचा? कारण ‘यवन’ म्हटले की शेजारी एका शब्दात परका होतो. त्याची मायबोली मराठी, त्याच्या पिढ्या इथल्याच मातीत दफन, तरी तो बाहेरचा!

जुन्या बखरीत ‘यवन’ असेल तर तो खोडू नका, तळटीप द्या. आज स्वतः बोलताना आणि लिहिताना मात्र ‘मुसलमान’ म्हणा. आदिलशाही असेल तर आदिलशाही म्हणा, मोगल असेल तर मोगल. इतिहासही त्याने अधिक नेमका होईल.

आणि संस्कृतशी आपला काय संबंध, असे म्हणणाऱ्या माझ्या मुस्लिम बांधवांनाही एक सांगणे आहे. ती कोशाची पाने तुम्हीही उघडा. आपण वाचले नाही, तर आपल्याबद्दल तिथे काय लिहिले आहे हे दुसरेच सांगत राहतील, आणि तेही अर्धवट.