'मुलगी खेळते' हे मेडिकलवाल्याला सांगा

मुलगी कुस्तीत किंवा धावण्यात जिल्ह्याच्या पुढे गेली की घरात तिच्या खुराकाची केवढी चर्चा होते! दूध, बदाम, शेंगदाण्याचे लाडू. खोकल्याचं औषध मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय येतं. मैत्रिणींनो, घात होतो तो इथे.

२०१९ साली मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्या लघवीच्या नमुन्यात टर्ब्युटलीन सापडलं. खोकल्याच्या सिरपमध्ये सर्रास असणारं हे द्रव्य. खोकल्यासाठीच घेतलं, हे क्रिकेट मंडळाने मान्य केलं, तरी आठ महिन्यांची बंदी आलीच. २००० साली सिडनीत रुमानियाच्या सोळा वर्षांच्या आंद्रेया रादुकानचं जिम्नॅस्टिक्समधलं सुवर्णपदक सर्दीच्या गोळीपायी गेलं. ती गोळी तर संघाच्याच डॉक्टरांनी दिली होती! शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, असा नियमच आहे.

मग विचारायचं कोणाला? माझ्या मते फार्मासिस्टला. एकाच नावाची दोन सिरपं असतात, शेवटची अक्षरं तेवढी वेगळी आणि आतलं औषधही वेगळं. हे रोज हाताळणाऱ्यालाच चटकन कळतं. जपानने २००९ पासून खास क्रीडा-फार्मासिस्ट तयार केले. आपल्याकडे, वस्तीत काम करताना मी बघते, फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि काउंटरवर बारावीतला पोरगा!

आणखी एक गोष्ट, जी आपण बायकाच बोलू शकतो. पाळी पुढे ढकलायची गोळी. पूजेसाठी घेतात, लग्नासाठी घेतात, तशी स्पर्धेसाठीही. त्यातलं नॉरएथिस्टेरॉन बंदीच्या यादीत नाही, पण त्यामुळे नॅन्ड्रोलोन या बंदी असलेल्या द्रव्याची खूण लघवीत उतरू शकते. तपासणीच्या फॉर्मवर आधीच्या सात दिवसांतली औषधं लिहायची असतात. तिथे ही गोळी लिहायला पोरगी लाजली तर? आणि दुकानात चार पुरुष उभे असताना तिला हे समजावणार कोण? म्हणून म्हणते, प्रत्येक जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात आठवड्यातून एक संध्याकाळ तरी एखादी बाई फार्मासिस्ट बसवा. फार खर्चाचं काम नाही ते.

दमा असलेल्या मुलींच्या आयांनी घाबरून पंप बंद करू नये. काही औषधं ठरलेल्या मात्रेत चालतात, काहींसाठी रीतसर परवानगी मिळते. डॉक्टरांना आणि फार्मासिस्टला विचारून स्पर्धेच्या बरंच आधी अर्ज करायचा.

आणि हो, औषधाची बाटली आणि बिल स्पर्धा संपेपर्यंत तरी जपून ठेवा.